विद्यापीठातून वस्तीत : कॅथरीन डनहॅम यांची नृत्यशाळा

मुलीने डॉक्टर व्हावे, वकील व्हावे, निदान बँकेत लागावे, असे आपल्या घराघरांतून बोलले जाते आणि त्यात गैर काही नाही. पण एखादी मुलगी 'मला नृत्याचे शिक्षण घ्यायचे आहे, तेही विद्यापीठात' असे म्हणाली, की वडीलधाऱ्यांचे चेहरे उतरतात. आजी तर सरळच विचारते, "नाचूनच पोट भरायचं होतं, तर तुला शाळा कशाला शिकवली गं?" आजीचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्यामागे कित्येक पिढ्यांचा अनुभव उभा आहे.

आपल्या आज्या-पणज्यांनी नाच पाहिला तो गावच्या जत्रेतला आणि तमाशाच्या बोर्डावरचा. नाचणारी आपली, ढोलकी वाजवणारा आपला आणि समोर फेटे उडवणारे कोण, हे वाचकांना निराळे सांगायला नको. कलेला दाद मिळे. कलावंताला पाणी मात्र वरून ओतून मिळे. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्या तमाशाचे उत्पन्न बाबासाहेबांच्या चळवळीला देऊ केले गेले, तेव्हा आपल्या समाजाच्या बाईला नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारला, ही हकीकत जुनी माणसे आजही सांगतात. पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच साचा घेतला, पण त्यातला शृंगार काढून विचार भरला. तेव्हा नाचाविषयी आपल्या घरात जो संकोच आहे तो स्वाभिमानातून आलेला आहे, असे आम्ही मानतो.

तरी या गोष्टीला दुसरी बाजू आहे. ज्यांच्या हाडामांसातून एखादी कला उभी राहिली त्यांनीच ती टाकली, तर तिचा अभ्यास कोण करणार? तिच्यावर प्रबंध कोण लिहिणार? विद्यापीठात तिचा वर्ग कोण घेणार? हा पेच अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजापुढेही होता. तिथे एका बाईने तो आपल्या परीने सोडवला. तिने विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकले, रंगमंचावर नृत्य केले आणि उतारवयात हे दोन्ही एकत्र करून एका उजाड कृष्णवर्णीय वस्तीत विद्यापीठाची नृत्यशाळा काढली. तिचे नाव कॅथरीन डनहॅम. या बाईंची ओळख आपल्या घरांत व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

नृत्य विद्यापीठात कसे शिरले

अमेरिकेत नृत्याची पहिली विद्यापीठीय पदवी विस्कॉन्सिन विद्यापीठात १९२६ साली सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या मार्गारेट ह'डोब्लर या स्वतः नर्तकी नव्हत्या. त्यांचा विषय जीवशास्त्र आणि त्या शिकवीत बास्केटबॉल. स्त्रियांच्या शारीरिक शिक्षण विभागात त्यांनी नृत्याचे वर्ग चालवले. हाडे, स्नायू, सांधे कसे काम करतात हे समजून घेऊन मग हालचाल करायची, अशी त्यांची रीत होती. तिथून हा विषय इतर महाविद्यालयांत पसरला. समकालीन नृत्याच्या विभागात शरीरशास्त्र, संगीत, नाट्य, प्रकाशयोजना हे विषय एकमेकांना धरून शिकवले जातात, त्याची मुळे इथे आहेत.

पण त्या काळी या वर्गांतून बसणाऱ्या मुली बहुतेक गोऱ्या घरांतल्या. काळ्या मुलीला बॅले शिकवायला गोरे शिक्षक सहसा तयार नसत, आणि काळ्या समाजाचे नाच म्हणजे करमणुकीचा प्रकार, त्यात शिकण्यासारखे काय, अशी समजूत होती. कॅथरीन ज्या शिकागो विद्यापीठात गेली तिथे तर नृत्याची पदवीच नव्हती. तिला हवा असलेला अभ्यासक्रम कुणीच आखलेला नव्हता. तो तिने तुकड्या-तुकड्यांनी स्वतः जमवला.

तिचा जन्म १९०९ चा, शिकागो परिसरातला. वडील कृष्णवर्णीय, शिंपीकाम आणि कपडे धुण्याचा धंदा करणारे. आई ती लहान असतानाच वारली. पुढे वडिलांनी दुसरे लग्न केले आणि कुटुंब जोलिएट या गावी जाऊन तोच धंदा करू लागले. शाळकरी वयातच तिने चर्चच्या मदतीसाठी नाचगाण्याचा कार्यक्रम बसवला होता. भाऊ तत्त्वज्ञान शिकायला शिकागो विद्यापीठात गेला आणि त्याच्या पाठोपाठ तीही गेली. पोटासाठी ग्रंथालयात नोकरी, दिवसा वर्ग, संध्याकाळी लुडमिला स्पेरान्झेव्हा या रशियन बाईंकडे नृत्याचे धडे. भावाने बहिणीला शिक्षणासाठी हात दिला, ही गोष्ट आपल्या समाजातही काही कमी नाही, म्हणून मुद्दाम सांगितली.

विद्यापीठात रॉबर्ट रेडफिल्ड नावाचे मानववंशशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या व्याख्यानात तिने ऐकले, की अमेरिकेतील काळे लोक जे नाच नाचतात त्यांतल्या कितीतरी हालचाली आफ्रिकेतून आलेल्या आहेत. गुलामांच्या जहाजांतून माणसे बेड्या घालून आणली गेली. त्यांची भाषा गेली, नाव गेले, गाव गेले. पण खांद्याची एक लकब आणि पायाचा एक ठेका मालकाला काढून घेता आला नाही. या एका विचाराने तिच्या शिक्षणाला वळण दिले. आपल्या लोकांचा नाच हा इतिहासाचा कागद आहे, आणि तो वाचायचा तर नाचही यायला हवा आणि शास्त्रही, हे तिने ओळखले.

बेटांवरचे वर्ष

ज्युलियस रोझेनवाल्ड या धनिकाच्या निधीतून त्या काळी दक्षिणेत काळ्या मुलांसाठी हजारो शाळा बांधल्या गेल्या आणि होतकरू तरुणांना शिष्यवृत्त्याही मिळत. १९३५ साली कॅथरीनला ती मिळाली. समितीने काय करायचे आहे असे विचारले, तेव्हा तिने आधी बॅले आणि मग आफ्रिकी धर्तीचे नृत्य तिथेच करून दाखवले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. पण समितीने तिला लगेच जहाजावर चढवले नाही. आधी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मेल्व्हिल हर्स्कोविट्स यांच्या हाताखाली काही महिने क्षेत्रकार्याचे शिक्षण घ्यावे लागले. माणसांशी कसे बोलावे, टिपणे कशी ठेवावीत, छायाचित्रे आणि चलच्चित्रे कशी घ्यावीत, हे सारे त्यात आले.

इथे आपल्या वाचकांसाठी एक दुवा सांगायला हवा. हर्स्कोविट्स हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील फ्रान्झ बोआस यांचे विद्यार्थी. वंशावरून माणसाची बुद्धी ठरत नाही, हे शास्त्राच्या आधारे मांडणारे ते बोआस. त्यांचेच दुसरे विद्यार्थी अलेक्झांडर गोल्डनवायझर. आणि याच गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी भारतातील जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला. म्हणजे ज्या गुरुकुलाच्या एका खोलीत जातीची चिरफाड झाली, त्याच गुरुकुलाच्या दुसऱ्या पिढीत एका काळ्या मुलीला आपल्या लोकांच्या नाचाकडे शास्त्राच्या नजरेने पाहायला शिकवले गेले. दोघांची भेट झाली असे आम्ही म्हणत नाही. पण विहीर एकच होती.

१९३५-३६ या काळात ती जमैका, मार्टिनिक, त्रिनिदाद आणि हैती या बेटांवर राहिली. जमैकात डोंगरावर अकॉम्पाँग नावाचे गाव आहे. मळ्यांतून पळालेल्या आणि इंग्रजांशी लढून स्वतंत्र राहिलेल्या गुलामांच्या वंशजांचे, म्हणजे मरून लोकांचे ते गाव. तिला त्यांचा जुना युद्धनाच पाहायचा होता. गावकरी तिच्यासमोर युरोपीय धाटणीचे जोडनाच करून दाखवत आणि खऱ्या नाचाचे नाव काढले की विषय बदलत. परक्या माणसापुढे आपले गुपित उघडू नये, हे त्यांना पिढ्यांनी शिकवलेले. ती राहिली, त्यांच्यात वावरली, वाट पाहत बसली. निघायची वेळ आली तेव्हा कुठे तो नाच तिला दिसला आणि तिने त्यात भागही घेतला. या मुक्कामावर तिने लिहिलेले पुस्तक १९४६ साली प्रसिद्ध झाले.

मार्टिनिक बेटावर 'लाग्या' नावाचा मर्दानी नाच पाहिला. दोन गडी ढोलाच्या तालावर एकमेकांवर चाल करून जातात, लाथा चुकवतात; पाहणाऱ्याला ही कुस्ती की नाच हे कळू नये. पण सर्वांत जास्त काळ आणि सर्वांत जास्त मन रमले ते हैतीत. हैती म्हणजे गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतंत्र केलेला देश. १९१५ पासून १९३४ पर्यंत तिथे अमेरिकी फौजा होत्या, आणि त्या गेल्यानंतर लवकरच ही अमेरिकन मुलगी तिथे उतरली. रंगाने काळी, पण पासपोर्ट अमेरिकेचा. तिथेही उजळ कातडीचे सुखवस्तू एका बाजूला आणि गडद कातडीचे शेतकरी दुसऱ्या बाजूला, अशी उतरंड तिला दिसली. काळ्यांच्या देशातही रंगाची जात असावी, याचे आपल्याला नवल वाटायला नको.

तिने तिथल्या व्होडू पंथाची दीक्षाही घेतली. अंगात येणे, देवाने स्वार होणे हे प्रकार आपल्या वाचकांना रुचणार नाहीत, आणि आम्हांसही ते रुचत नाहीत. पण तिचा प्रश्न देव आहे की नाही हा नव्हता. नागदेवतेच्या पूजेत सगळा गाव पाठीचा कणा लाटेसारखा हलवत 'योनव्हालू' हा नाच का नाचतो, त्याने नाचणाऱ्यांचे आपसांत काय होते, ढोल थांबला की काय होते, हे ती पाहत होती. कुठला नाच सणाचा, कुठला मयताचा, कुठला रस्त्यावरच्या गर्दीचा आणि प्रत्येकाचे समाजातले काम काय, याची तिने वर्गवारी केली. नाचाचे रूप आणि नाचाचे कार्य ही जोडी तिच्या साऱ्या विचाराचा कणा ठरली. हैतीच्या नृत्यांवरचा तिचा प्रबंध पुढे पुस्तकरूपाने आला आणि त्याच्या फ्रेंच आवृत्तीला क्लोद लेवी-स्त्रॉस या नामवंत मानववंशशास्त्रज्ञाने प्रस्तावना लिहिली.

१९३६ साली तिला शिकागो विद्यापीठाची सामाजिक मानववंशशास्त्रातील पदवी मिळाली. एम. ए.चे शिक्षण मात्र पुरे झाले नाही. प्राध्यापकी की रंगमंच, असा प्रश्न आला आणि ती रंगमंचाकडे गेली. वही तिने सोडली नाही एवढे खरे.

रंगमंच आणि रंगभेद

यापुढे त्यांना डनहॅमबाई म्हणू. तो मान त्यांनी कमावलेला आहे. जानेवारी १९३८ मध्ये शिकागोत त्यांचे 'लाग्या' हे नृत्यनाट्य सादर झाले. बेरोजगार कलावंतांना काम देणाऱ्या सरकारी नाट्ययोजनेतून ते उभे राहिले होते. पोशाख आणि नेपथ्य जॉन प्रॅट या चित्रकाराचे; पुढे ते त्यांचे पती झाले. ते गोरे होते, आणि त्या काळी अमेरिकेच्या अनेक राज्यांत असा विवाह कायद्याने गुन्हा होता. वेगवेगळ्या कलांचे सहकार्य असे आज अभ्यासक्रमांतून मोठ्या शब्दांत सांगतात. या घरात ते रोजच्या जेवणाइतके साधे होते. बाई नाच रचत, नवरा त्या नाचाला झगा शिवे, आणि झग्याचा घेर ठरवताना हैतीची टिपणे समोर असत.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, चित्रपटांत (१९४३ सालचा 'स्टॉर्मी वेदर' प्रसिद्ध आहे) आणि पुढे देशोदेशी त्यांचे पथक गेले. टीका करणारेही भेटले. पदवीधर बाई कंबर हलवते, याची वर्तमानपत्रांना मोठी मौज वाटे. १९४४ साली बोस्टन शहरात त्यांच्या कार्यक्रमातील एक नृत्य अश्लील म्हणून बंद पाडण्यात आले. विषय काय, तर मुलगा वयात येतो तेव्हा समाज त्याला कसा आपल्यात घेतो, हा! अभ्यासलेला नाचही पाहणाऱ्याच्या डोळ्यांत घाण असेल तर घाणच दिसतो. आजीचा संकोच इथे आम्हांस पुन्हा आठवतो. फरक इतकाच, की डनहॅमबाई मागे हटल्या नाहीत आणि आपला नाच कुणापुढे, कोणत्या अटीवर करायचा हे त्यांनी स्वतः ठरवले.

त्याच वर्षी लुईव्हिल शहरात प्रेक्षागृहात काळ्यांना वेगळे बसवले होते. कार्यक्रम संपल्यावर बाई पडद्यापुढे आल्या आणि काळे-गोरे शेजारी बसणार नाहीत तोवर आपण इथे पुन्हा येणार नाही, असे त्यांनी भर सभागृहात जाहीर केले. १९५० साली ब्राझीलमधील साओ पावलो येथे एका बड्या हॉटेलने रंगावरून खोली नाकारली. बाईंनी गप्प बसायचे नाकारले, गवगवा झाला, आणि १९५१ साली त्या देशात वंशभेदाला शिक्षा करणारा कायदा झाला. तो तिथे अफोन्सो आरिनोस कायदा म्हणून ओळखला जातो. १९५१ सालीच चिली देशातील सांतियागो येथे त्यांनी 'साऊथलँड' हे नृत्य केले. विषय होता जमावाने काळ्या माणसाला झाडाला लटकवून मारण्याचा. अमेरिकेच्या वकिलातीला ते मुळीच आवडले नाही. सरकारी मदतीने परदेशी जाणाऱ्या कलावंतांच्या यादीत पुढे डनहॅमबाईंचे पथक नव्हते. ते आपल्याच मिळकतीवर आणि कर्जावर फिरले.

१९४४ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी स्वतःची शाळा काढली. ती दहाएक वर्षे चालली आणि पैशाअभावी मिटली. या शाळेत नृत्याबरोबर नाट्य, ढोलवादन, भाषा, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र शिकवले जाई. काळे आणि गोरे विद्यार्थी एकत्र शिकत. मार्लन ब्रँडो आणि जेम्स डीन हे पुढे गाजलेले नटही इथे येत. नाचणाऱ्याला इतिहास कशाला हवा, असे विचारणाऱ्यांना बाईंच्या शाळेत जागा नव्हती.

त्यांच्या पद्धतीचा वर्ग कसा असतो हे सांगणे जरुरीचे आहे, कारण 'आधुनिक नृत्य' म्हटले की आपल्याकडे टीव्हीवरच्या उड्या डोळ्यांपुढे येतात. डनहॅम पद्धतीच्या वर्गात ध्वनिफीत लावत नाहीत. ढोलवादक हजर लागतो. सुरुवात श्वासापासून. मग भिंतीलगतच्या दांडीला धरून बॅलेसारखी तयारी, पण गुडघे वाकलेले आणि भार जमिनीकडे. मग शरीराचा एकेक भाग सुटा करायचा : आधी मान, मग खांदे, बरगड्या, कंबर. खांदे एका तालात आणि कंबर दुसऱ्या तालात, असे साधेपर्यंत महिने जातात. त्यानंतर विद्यार्थी ओळीने खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हालचाली करत जातात. आणि प्रत्येक हालचालीचा पत्ता माहीत असावा लागतो : ही हैतीच्या कोणत्या नाचातली, कोण नाचत, कशासाठी. घाम गाळायचा आणि धडाही पाठ करायचा, असे हे दुहेरी काम आहे.

ईस्ट सेंट लुईस

ब्लॅक पँथरचे नाव आपल्याकडे १९७२ सालच्या दलित पँथरमुळे वस्तीवस्तीत पोहोचले. अमेरिकेतील काळ्या तरुणांच्या संतापाचा तो काळ. त्याच काळात डनहॅमबाई साठीकडे झुकलेल्या होत्या. जग फिरून झाले होते, १९६६ साली सेनेगलची राजधानी डकार येथील कृष्णवर्णीय कलांच्या जागतिक महोत्सवात काम करून झाले होते. हैतीत त्यांचे घर होते. तिथे सुखाने राहता आले असते. दक्षिण इलिनॉय विद्यापीठाने त्यांना आधी अतिथी कलावंत म्हणून बोलावले होते. १९६७ साली त्या विद्यापीठाचे काम घेऊन ईस्ट सेंट लुईस या शहरात गेल्या आणि तिथेच राहिल्या.

हे शहर मिसिसिपी नदीच्या काठी आहे. १९१७ साली इथे गोऱ्या जमावाने काळ्या मजुरांची कत्तल केली. सरकारी आकडा ३९ काळे मृत, प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ अधिक असे सांगतात. पुढे मांसाचे आणि धातूचे कारखाने बंद पडत गेले, गोरे लोक निघून गेले, आणि मागे राहिली बेकारी, पडकी घरे आणि नाक्यावर उभी राहणारी पोरे. गिरण्या बंद पडलेल्या मुंबईत राहिलेल्या वाचकाला हे चित्र लगेच समजेल.

बाई नव्याने आल्या त्या उन्हाळ्यात पोलिसांनी काही तरुणांना उचलले. चौकशी करायला बाई ठाण्यावर गेल्या तर त्यांनाच काही तास कोठडीत घातले. जगाच्या मोठमोठ्या रंगमंचांवर नाचलेली ही बाई! वस्तीतल्या पोरांचा विश्वास बसायला एखाद्या व्याख्यानापेक्षा त्या कोठडीचा उपयोग अधिक झाला असेल, असे आम्हांस वाटते.

त्यांनी विद्यापीठाच्या वतीने जे प्रयोगीय कला प्रशिक्षण केंद्र चालवले, ते पाहिले की सहकार्य या शब्दाचा खरा अर्थ कळतो. टोळीतली पोरे 'नाच शिका' म्हटल्यावर येणार नव्हती. म्हणून तिथे ज्यूदो-कराटेसारखे लढण्याचे प्रकार होते आणि ढोल होते. ढोल बडवायला पोरे आली. हातात ताल बसला की पाय आपोआप हलतात. पाय हलले की कळते, की हा ठेका कुठल्या गावचा आणि आपले पूर्वज तो का वाजवीत. अशा रीतीने पोरगा नकळत इतिहासाच्या वर्गात बसे. आफ्रिकी भाषा, नाटक, लाकडावरचे कोरीवकाम, पोशाख तयार करणे हे सर्व त्याच छपराखाली. शिकवायला विद्यापीठाचे प्राध्यापक आणि त्यांच्या शेजारी आफ्रिकेतून आणि हैतीतून आलेले, वडिलोपार्जित विद्या असलेले कलावंत. पदवी नसलेल्या वादकाला विद्यापीठात गुरुजींचा मान मिळाला, ही आमच्या मते या केंद्राची सर्वांत मोठी कमाई. आपल्या हलगीवाल्याला असा मान कुठल्या विभागात मिळतो, हे वाचकांनीच पाहावे.

त्या वादकांत सेनेगलचे मोर थियाम होते. डनहॅमबाईंच्या बोलावण्यावरून ते अमेरिकेत आले. त्यांचा मुलगा म्हणजे गायक एकॉन. २०११ सालच्या 'रा-वन' चित्रपटातले 'छम्मक छल्लो' गाणारा तोच. आपल्या वरातींतून ज्या गाण्यावर पोरे नाचली, त्या गायकाचे घराणे असे या नृत्यशाळेशी जोडलेले आहे, हे कळल्यावर आम्हांलाही गंमत वाटली.

केंद्रातील मुलांना घेऊन बाई १९७० साली वॉशिंग्टनला बालकांविषयीच्या राष्ट्रीय परिषदेत गेल्या. शहरातला टेलर जोन्स नावाचा तरुण नागरी हक्कांचा कार्यकर्ता अपघातात वारला, तेव्हा त्याच्यावर नृत्यनाट्य रचून ते वस्तीतल्याच मुलांकडून करवून घेतले. आपल्या गल्लीतला माणूस नाटकाचा नायक होतो, हे त्या मुलांनी प्रथमच पाहिले.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. शहराची गरिबी हटली नाही. एका नृत्यशाळेने ती हटणारही नव्हती. अनुदाने आटत गेली. बाईंनी १९७७ साली आपल्या संग्रहाचे वस्तुसंग्रहालय त्याच शहरात उघडले, तेही पैशाच्या ओढाताणीतच चालले. देशाने केनेडी सेंटरचा सन्मान १९८३ साली दिला, पण सन्मानपत्रावर विजेचे बिल भरता येत नाही. विद्यापीठे वस्तीत येतात ती बहुधा एखाद्या माणसाच्या हट्टामुळे, आणि तो माणूस थकला की विद्यापीठाचे पाऊलही जड होते. या गोष्टीचा विचार संस्था चालवणाऱ्या आपल्या मंडळींनीही करावा.

तरी शाळा पुरती विझली नाही. एडवर्ड्सव्हिल येथील विद्यापीठाच्या ज्या इमारतीत नाट्य आणि नृत्य विभाग आहे तिला डनहॅम यांचे नाव आहे. वयाच्या विशीच्या आत त्यांचा कार्यक्रम पाहून भारावलेले आल्विन आयली पुढे स्वतः मोठे नृत्यदिग्दर्शक झाले आणि १९८७ साली त्यांच्या पथकाने डनहॅमबाईंची जुनी नृत्ये पुन्हा उभी केली. आयली यांच्या शाळेने १९९८ पासून न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठाबरोबर पदवीचा अभ्यासक्रम चालवला आहे. विद्यार्थी नृत्य शाळेत शिकतात आणि इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान विद्यापीठात. डनहॅम पद्धत शिकवायची तर प्रमाणपत्र मिळवावे लागते, आणि त्यासाठी नुसते पाय चालून भागत नाही, बाईंचा विचारही अभ्यासावा लागतो. १९३६ साली बेटांवर त्यांनी घेतलेली चलच्चित्रे आज अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. अकॉम्पाँगच्या आणि हैतीच्या शेतकऱ्यांचे नाच आता राष्ट्राच्या दप्तरात नोंदलेले आहेत.

आपल्याकडे पुण्याच्या विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. बारावी झालेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी तिथे एकदा जाऊन यावे. प्रवेश घ्यायचा की नाही हे घरात बसून ठरवावे, पण काय शिकवतात, कोण शिकवतो, पुढे नोकरीची वाट कोणती, हे प्रश्न तिथल्या शिक्षकांना विचारल्याशिवाय ठरवू नये. आजीलाही बरोबर न्यावे. तिला जे ठाऊक आहे ते बऱ्याच प्राध्यापकांना ठाऊक नसेल.

१९९२ साली हैतीतून होड्यांनी पळून आलेल्या निर्वासितांना अमेरिकी सरकार परत पाठवू लागले. तेव्हा ईस्ट सेंट लुईसमधील आपल्या घरी, वयाच्या ८२ व्या वर्षी, डनहॅमबाईंनी उपोषण धरले. ४७ दिवस. हैतीचे पदच्युत अध्यक्ष आरिस्तिद स्वतः भेटायला आले तेव्हा त्यांनी ते सोडले. ज्या शेतकऱ्यांच्या अंगणात त्या पंचविशीत नाच शिकल्या, त्यांच्याच मुलानातवंडांसाठी हे उपोषण होते. २१ मे २००६ रोजी न्यूयॉर्क येथे, ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.